पॉझिटिव्ह आल्याचा केक

माझी मामी रंगारीण आहे. हे ऐकून कुणी "भिंती रंगवते का?" असं विचारलं, की ती चेहरा जराही न हलवता सांगते, "नाही, गाठी." हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी तिचं टेबल आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिच्यापुढे येतो. त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर चढवायचा, थेंब सोडायचे आणि रंग येतो का ते बघायचं. हात इतका स्थिर, की सुईत दोरा ओवायला सगळं घर तिच्याकडे धावतं. तोंडाला मात्र स्थैर्य ठाऊक नाही.

माझ्या आईच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा घरातले सगळे कुजबुजत बोलायला लागले. मामी आली ती नेहमीच्याच आवाजात बोलत आली आणि आईच्या पलंगावर मांडी घालून बसली.

"वन्सं, पेशीच्या अंगावर कान असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की कान तो ऐकतो, आत पोचवतो आणि पेशी वाढते. निरोप थांबला की गप्प बसते. धड पेशीला कान मोजके असतात. काही बिघडलेल्या पेशींना मात्र कानच कान फुटतात. मग बाहेरून कुणी बोलायचीही गरज उरत नाही. कान एकमेकांना लागतात आणि आपसातच सुरू करतात, वाढ, वाढ."

"या घरात माझं कुणी ऐकत नाही," आई म्हणाली, "आणि माझ्याच पेशी एवढ्या ऐकणाऱ्या निघायच्या?"

"असू देत की! त्या कानांत बोळे घालणारं औषध आहे. पण कानच नसले तर बोळे घालायचे कुठे?"

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. हार्मोनचं ऐकणारे कान आईच्या गाठीत सापडलेच नव्हते. आता मामी सांगत होती त्या, भरमसाट फुटणाऱ्या दुसऱ्या कानांची तपासणी तेवढी उरली होती; ते असतील तरच काचेवर रंग चढतो.

तो काप मामीच्याच टेबलावर आला. सोबतची बाई म्हणाली, "आज मी करते, तुम्ही बसा." मामी म्हणाली, "हात थरथरला तर देईन." तो थरथरला नाही. रंग तिने पाहिला, पण डॉक्टरांची सही होईपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. मामी गप्प बसली हा तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम, असं माझं प्रामाणिक मत आहे.

रिपोर्ट थेट बाबांच्या फोनवर आला. बाबांच्या उभ्या आयुष्यात पॉझिटिव्ह रिपोर्ट कधी चांगला निघालेला नाही. तो शब्द दिसताच ते मामीला विचारायचं सोडून सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटले. बघता बघता बैठकीची खोली भरली. काका भिंतीला टेकून उभे राहिले, काकू पदराने डोळे पुसू लागल्या. आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. ही गर्दी जमवल्याबद्दल मला तर बाबांचा भयंकर राग आला होता.

तेवढ्यात दार ढकलून मामी आत आली. हातात केकचा खोका होता.

काकू फणकारल्या, "काय गं हे! वेळ काय, काळ काय!"

"पॉझिटिव्ह आलाय ना?" मामी म्हणाली. "मग रडताय कशाला? आता बोळे घालायला कान आहेत! उद्या डॉक्टर औषधाचं ठरवतील." ती तडक आईच्या खोलीत गेली. "वन्सं, उठा. पेशींच्या कडेने असा झकास तपकिरी रंग चढलाय, की मी टेबलापाशी मोठ्याने हसले. सोबतची म्हणाली, वेड लागलं का?"

आई हळूहळू उठून बसली. नीट समजेपर्यंत तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आणि नसता आला रंग, तर?"

मामी केक कापायची थांबली. "तुमच्यासोबत त्याच ट्रेमध्ये आणखी एकीची काच होती. तिच्यावर रंग चढलाच नाही. मी पुन्हा करून पाहिलं. नाव माहीत नाही, आम्हाला नुसता नंबर दिसतो."

"मग तिचं काय?"

"तिच्यासाठी दुसरी औषधं आहेत. रस्ता अवघड आहे, बंद नाही. आणि नवीन शोधणारेही झोपलेले नाहीत."

बाहेर काकूंचे हुंदके अजून चालूच होते. आईने केकची बशी पुढे ओढली.

"मोठा तुकडा दे," ती म्हणाली. "मला मिळालंय ते तिला मिळालं नाही. आता मी नुसती पडून राहिले, तर तिला काय तोंड दाखवू?"