पोटावर ठेवलेला हात

पासलीच्या बनाबाईची लेक सुलक्षणा शिक्षिका झाली ती धाकट्या भावापायी. माउली जन्मापासून बहिरा. त्याच्याजोगती शाळा आसपास नव्हती, म्हणून भावाबहिणीने लहानपणीच हातांची एक बोली जुळवली. घरात तिसऱ्या कुणाला ती धड कळत नसे. पुढे सुलक्षणा भोरला कर्णबधिर मुलांच्या शाळेत लागली, तरी सुट्टीच्या दिवशी एसटीने घरी यायचीच. आठवडाभर मनात साचलेलं माउली तिच्यापुढे ओतायचा. हात थांबायचे नाहीत त्याचे.

तिला परदेशात शिकवायचं होतं. त्यासाठी पदव्युत्तर पदवी हवी. गणितात एमएस्सी करावी की कर्णबधिरांच्या शिक्षणातलं एमएड, यात ती कितीतरी दिवस घुटमळली. मस्कतला गेलेली जुनी सहकारी प्रांजल फोनवर म्हणाली, "गणितवाले इकडे पैशाला पासरी आहेत. तुझ्या कामाची माणसं शोधून सापडत नाहीत."

"आणि माउलीचं काय?"

"अगं, त्याच्यामुळेच तर तुला हे येतं!"

बनाबाईला मात्र ते पटलं नाही. "गणिताचंच घे की गं सुले. किकवीला मास्तरीण हुशील, आमच्या नजरंसमोर ऱ्हाशील."

सुलक्षणाने एमएड धरलं. पुण्यात राहून ते पुरं केलं आणि मस्कतच्या एका शाळेत रुजू झाली. तिथली पोरं तिच्या हातांकडे टक लावून बघत. आपण निवडलं ते बरोबरच, असं तिला वाटे.

पासलीत रेंजची बोंब. व्हिडिओ कॉल लागला तरी चित्र अडकायचं, माउलीचा हात अर्ध्यातच थिजायचा. हळूहळू तो फोनपुढे येईनासा झाला. "गुरांकडं गेलाय," बनाबाई सांगायची.

भातकापणी चालली होती. माउली पोटावर हात दाबून आईपुढे उभा राहिला. तिने भाकरी वाढली. त्याने ताट सरकवलं. रुसला असेल, म्हणून ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच उभा, पुन्हा तेच ताट. मग तो बांधावरच कोसळला. चुलते चिमाजी यांनी त्याला जीपमध्ये घालून पुण्याला नेलं. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता.

सुलक्षणा मिळेल त्या विमानाने आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बनाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"म्या भूकच समजले गं. पोटावर हात म्हंजी भूक, येवढी येकच खूण मला ठावी."

सुलक्षणा तिच्याशेजारी फरशीवर बसली.

माउली वाचला, पण पार खंगला. सुलक्षणाने मस्कतची नोकरी सोडली. भोरच्या शाळेत तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. शेवटी किकवीला गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. रोज संध्याकाळी घरी येते, माउलीजवळ बसते, हातांनी विचारते, "दुखतं का?"

तो मान हलवतो. नाही.

"काय झालं आज दिवसभर?"

काही नाही, असा एक हात झटकून तो गोठ्याकडे निघून जातो. दुखत नाही हे खरं, की आता तिलाही सांगायचं नाही, ते तिला कळत नाही.