पेशीची नामांकित आकृती

नववी 'ब'च्या मासिक चाचणीत यामिनी खटावकरबाईंनी दुसरा प्रश्न घातला होता, 'पेशी का नामांकित चित्र बनाइए.' बेचाळीस मुलींपैकी छत्तीस जणींनी दंड फुगवलेला हात काढला. पाच जणींनी जागा कोरी सोडली. आणि इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याहून रोज बसने येणाऱ्या रुपालीने एक खोली काढली. खोलीत उंच खुर्चीवर चष्मेवाला माणूस, समोर काळ्या कोटातला दुसरा, आणि कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला तिसरा. पट्टीने रेघा ओढून नावंही दिली होती. जज साहब, वकील, पापा.

रुपालीचं काही चुकलं नव्हतं. तिच्या वडिलांचा शेताच्या बांधावरून दावा चालू होता आणि दर महिन्याला ते 'पेशी'वर जायचे. बाकीच्या मुलींचंही चुकलं नव्हतं. हिंदीत पेशी म्हणजे एक तर कोर्टाची तारीख, नाही तर मांसपेशी, म्हणजे आपला स्नायू. चुकलं होतं ते बाईंचं. मराठीत जिला पेशी म्हणतात तिला हिंदी पुस्तक कोशिका म्हणतं, हे यामिनीला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं पाठ होतं. पण नऊ वर्षं परभणीत मराठीतून विज्ञान शिकवून जिभेला जे वळण पडलं होतं, ते तिला विचारून थोडंच चालणार? शिवाय ती 'स्नायू' म्हणाली तरी पंचाईतच, कारण हिंदीत स्नायु म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. एकेका वाक्यात दोन-दोन खड्डे होते.

नवऱ्याला पीथमपूरला नोकरी लागली म्हणून ती इंदूरला आली होती, आणि स्नेहलतागंजमधल्या या मुलींच्या शाळेने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. आता प्रिन्सिपल शालिनीजींच्या टेबलावर रुपालीचं कोर्ट उघडं पडलेलं होतं.

"आपका ज्ञान अपनी जगह, यामिनीजी," त्या म्हणाल्या, "पर बच्चियाँ क्या सीख रही हैं? शनिवार को मैं क्लास में बैठूँगी. उसके बाद तय करेंगे."

शालिनीजी वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर निदान रागावता तरी आलं असतं. यामिनीला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. ही शाळा गेली तर या शहरात ती कोण होती? ती तडक प्रयोगशाळेत गेली आणि दार लोटून रडली.

तिथे कोणी नसतं असा तिचा समज होता. बेसिनपाशी चिंतामणजी स्लाइडा धूत उभे होते.

चिंतामण पुराणिक हे प्रयोगशाळेचे परिचर. नोकरीला एकतीस वर्षं झालेली. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. त्या वैभवातलं पुराणिकांच्या घरात आता फक्त वळणदार अक्षर उरलं होतं, आणि ते चिंतामणजींनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत जपलं होतं. सूक्ष्मदर्शकाचा आरसा कुठल्या खिडकीकडे किती तिरका करायचा हे त्यांच्याइतकं शाळेत कोणालाच कळत नसे. स्वभाव असा, की मागितलं तर देतील, विचारलं तर सांगतील, पण आपणहून पुढे येणार नाहीत. त्या दिवशी मात्र आले.

"मॅडमजी, टेन्शन कायको घेता?" ते हात पुसत म्हणाले. "रोज मधल्या सुट्टीत मला शिकवा. मी इकडे स्लाइडा धुतो. तुम्ही गलत बोललात की काच वाजवतो. बस्, इतकंच."

सोमवारी काच अकरा वेळा वाजली. मंगळवारी सात. बुधवारी यामिनी इतकी घाबरून बोलत होती, की चिंतामणजींनीच हात थांबवला. "ऐसं नका बोलू. ऐसं बोललात तर पोरी झोपतील. गलती होऊ द्या, मी आहे ना." आणि डब्यातली बायकोने, रमाताईंनी, दिलेली साबुदाण्याची खिचडी झाकणात काढून तिच्यापुढे सरकवली. शुक्रवारी काच दोनदाच वाजली.

शनिवारी शालिनीजी वही घेऊन मागच्या बाकावर बसल्या. चिंतामणजींनी कांदे कापून ठेवले होते, लाल रंगाची बाटली ठेवली होती, आणि ते दाराशी उभे होते. आज काच वाजवता येणार नव्हती.

तास चांगला चालला. कोशिका, कोशिका, कोशिका. यामिनीने पापुद्रा कसा सोलायचा ते दाखवलं, रंग टाकला, मुली एकेक करून सूक्ष्मदर्शकाशी आल्या. रुपालीने डोळा लावला आणि तोंडाचा आ वासून तशीच राहिली. "मैडम! ये तो ईंटों की दीवार है!"

आणि यामिनीचं भान सुटलं. "हो ना!" ती मराठीतच ओरडली. "बघ किती पेशी! तुझ्या हातात, डोळ्यात, सगळीकडे पेशीच पेशी!"

शालिनीजींनी वहीवरून मान वर केली.

"कोशिका, मैडम," रुपाली हळूच म्हणाली. मग शेजारची म्हणाली, मग सगळा वर्गच एका सुरात म्हणाला, "कोशिका!" कोणी हसलं नाही. रुपालीने तर सूक्ष्मदर्शकावरचा डोळाही काढला नव्हता.

"तुम्हें कैसे पता, मैडम क्या कह रही हैं?" शालिनीजींनी विचारलं. रुपालीने वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. सगळ्याच वह्यांच्या शेवटच्या पानावर तेच होतं. वर 'मैडम की बोली' असं शीर्षक आणि खाली दोन रकाने. पेशी म्हणजे कोशिका. स्नायू म्हणजे मांसपेशी. मूत्रपिंड म्हणजे वृक्क, गुर्दा. एकूण तेवीस शब्द. मूळ कागद रुपालीच्या वहीत घडी घालून ठेवलेला होता. त्यावरचं वळणदार अक्षर यामिनीने रोज बाटल्यांवर पाहिलं होतं.

शालिनीजींनी रुपालीला कोशिका म्हणजे काय ते विचारलं. तिने विटा, भिंत, केंद्रक, सगळं न अडखळता सांगितलं. शालिनीजी उठल्या. "सोमवार को पक्की नौकरी का ऑर्डर ले लीजिएगा," त्या जाता जाता म्हणाल्या. "और वो शब्द-सूची एक मुझे भी."

तास सुटल्यावर यामिनी प्रयोगशाळेत आली. आभार कसे मानायचे हे तिला सुचेना. परक्या गावात आपल्यासाठी कोणीतरी इतकं केलं, तेही न सांगता, या विचारानेच तिचे डोळे भरून आले होते. "चिंतामणजी, तुमचे उपकार..." एवढंच ती म्हणू शकली.

"उपकार कसले, मॅडमजी." ते स्लाइड उजेडात धरून पाहत होते. "मी नववीत होतो तेव्हाची बात आहे. नागपूरच्या मामांनी मराठी विज्ञानाचं पुस्तक पाठवलं होतं. मी तेव्हा बीमार, घरीच होतो, त्यातूनच पढाई केली आणि पेपरात सगळीकडे पेशी लिहिलं. उत्तर सही होतं. सरांनी पूर्ण क्लाससमोर वाचून दाखवलं. लई हसले सगळे. शून्य दिला. मग मी सायन्स सोडूनच दिलं."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? मला तेव्हा कोशिका शब्दच माहीत नव्हता."

यामिनी पदर सारखा करून टेबलामागे जाऊन उभी राहिली.

"पुराणिक," ती मराठीत म्हणाली, "पेशी म्हणजे काय?"

चिंतामणजींनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्यांनी स्लाइड खाली ठेवली, हात शर्टाला पुसले आणि ताठ उभे राहिले.

"सजीवांच्या शरीरातील रचनेच्या व कार्याच्या सर्वांत लहान घटकास पेशी म्हणतात. पेशीला पटल असते. पटलाच्या आत पेशीद्रव्य व केंद्रक असते." एक हिंदी शब्द नाही, एक अडखळणं नाही.

"बरोबर," यामिनी म्हणाली. "दहापैकी दहा."

चिंतामणजी तरीही उभेच होते, हात बाजूला, नजर समोर. मग तिच्या ध्यानात आलं, की वर्गात उत्तर दिलेलं मूल बाईंनी सांगितल्याशिवाय बसत नाही.

"बसा," ती म्हणाली.