माझ्या हातचा मेन बोर्ड

दर्पण कॉलनीत घर बांधलं तेव्हा आजूबाजूचे निम्मे प्लॉट रिकामे होते. लाइटीचा मेन बोर्ड मी स्वतः बसवला. शाळा चौथीत सुटली, पण मिलमध्ये वायरमनच्या हाताखाली सगळी उमर काढली, ती काही झोपा काढून नव्हे. दौलतगंजच्या बाजारातून सागाची फळी आणली, चिनी मातीचे फ्यूज आणले, लोखंडी पेटीतला मेन स्विच आणला. त्या बोर्डाला माझ्याशिवाय कुणाची हात लावायची टाप नव्हती.

आता मुलाला छतावर सोलर हवं झालं. शेजाऱ्यांनी गच्चीवर निळ्या काचा टाकल्या की या लोकांना आपलं छत उघडं वाटायला लागतं. सोलरवाल्यांनी एक इंजिनिअर पाठवला. पायात पांढरे बूट, हातात मोबाइल, खिशात स्क्रू फिरवायला साधा पेचकस नाही. लग्नघरात शिरलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं त्याने माझ्या बोर्डाकडे पाहिलं.

"अंकल, ये तो म्यूज़ियम में देना पड़ेगा. इस पर सोलर नहीं चढ़ेगा. पूरा पैनल नया लगेगा, लोड भी बढ़वाना पड़ेगा."

मीटर माझ्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय वीज कंपनी लोड वाढवत नाही. मी म्हटलं, सही देणार नाही. या बोर्डाला जोडता येत असेल तर जोडा, नाहीतर घरी जा.

मुलगा बँकेत आहे. मराठीत सुरू होतो आणि रागावला की हिंदीत घसरतो. "बाबा, आईचं हार्टचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, गर्मीत ठेवू नका. एसी लावला की तुमचा फ्यूज उडतो. हर बार! कब तक तार बाँधते रहोगे?"

"हात आहेत तोवर."

एसी त्या बोर्डावर टिकत नव्हता, हे खरं. इथला जेठाचा उन्हाळा म्हणजे भट्टी. माझी म्हातारी कूलरपुढे ओला पंचा गळ्यावर घेऊन पडून असायची. पण बोर्ड काढा, असं तिने एकदाही म्हटलं नव्हतं. मी तेच धरून बसलो होतो.

इंजिनिअरने मेन स्विचचं झाकण उघडलं आणि आत बोट दाखवलं. "ये लाल-पीला क्या है?"

हळदकुंकू होतं. वाळलेल्या अक्षताही होत्या. आमचं घराणं फौजेतलं, वाडवडील मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलेले. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. घरची तलवार थोरल्या भावाकडे गेली. माझी शस्त्रं म्हणजे पक्कड, टेस्टर आणि हा बोर्ड. दर वर्षी म्हातारी त्यांना ओलं गंध लावायची, वर फुलाने पाणी शिंपडायची.

ते ऐकून तो हसला. फोटोसुद्धा काढला. दारात म्हातारी उभी होती, तिला म्हणाला, "आंटी, ये मेन स्विच है, मंदिर नहीं. आपके पानी से अंदर जंग लग गया. किसी दिन करंट से चिपक जातीं."

माझा मुलगाही हसला. याच्या डिग्र्या! आईकडे बघून हसायला शिकवतात. मी दोघांनाही बाहेर काढलं.

म्हातारी आत येऊन खाटेवर बसली. मग म्हणाली, "माझ्या हातानं खराब झाला का हो?"

"त्या बुटवाल्याला काय कळतं! गंज वरवरचा आहे."

"मग एसीनं फ्यूज का जातो?"

"वायर बारीक पडते. तेव्हा घरात एक पंखा आणि चार दिवे होते. एसी कुणी पाहिला होता?"

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही."

"मग हे त्याला माझ्यासमोर सांगा. आणि तो बोर्ड काढून टाका. मला गारव्यात झोपायचंय. आजवर म्हटलं नाही, आता म्हणते."



दुसऱ्या दिवशी बुटवाल्याला बोलावलं. सही देण्याआधी त्याला उभा केला आणि म्हटलं, "फ्यूज आंटी के पानी से नहीं जाता. वायर पतली है, लोड ज़्यादा है. समझे? अब इनको सॉरी बोलो."

"सॉरी, आंटी."

"असू दे रे. चाय पिओगे?" ही लगेच वितळली. बायकांना राग टिकवता येत नाही.

लोड मंजूर झाल्यावर बोर्ड मीच काढला. खांबावरून लाइन बंद करून घेतली, एकेक स्क्रू फिरवला. मुलगा शिडी धरायला आला, त्याला म्हटलं, लांब उभा राहा. सोलरवाल्यांनी माझ्या सागाच्या जागी प्लास्टिकचा डबा लावला. साबणदाणी मोठी असेल त्यापेक्षा! आत खेळण्यातले असावेत तसे काळे खटके. याला म्हणे पॅनल.

त्या दुपारी एसी लागला आणि चालत राहिला. मी खुर्ची घेऊन खाटेपाशी बसलो होतो. म्हातारीचा डोळा लागत होता. मध्येच म्हणाली, "अहो, चादर द्या. थंडी वाजतेय."

जेठात चादर! काय एकेक नखरे. दिली.