खोबरेल आणि पेन्सिलीची पूड

सोसायटीत मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत होती. उतरत्या फळीवर गाडी ठेवायची आणि नुसती सोडून द्यायची. लेकीनं, जुईनं, घासून घासून आपली गाडी केली होती. मी फक्त चाकांना वंगण दिलं; सढळ हातानं आणि खोबरेल तेलाचं! डिसेंबरच्या सकाळी ते पांढरंशुभ्र गोठलं आणि पहिल्याच फेरीत गाडी फळीच्या मध्यावर थांबली.

पोरं हसली. जुईचे डोळे भरले. आता ती माझं नाव सांगणार म्हणून मी खांबाआड सरकलो. पण ती म्हणाली, "थंडीच केवढी आहे रे!" मग रुमालानं आस स्वच्छ पुसून तिनं त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली. दुसऱ्या फेरीत गाडी सुळकन खाली गेली. नंबर तिसरा आला.

मी मात्र अजून त्या एका वाक्यापाशीच आहे. घरातली चाकंही अशीच फिरत असावीत. कुणीतरी वेळेवर चिमूटभर शब्द टाकतं आणि आपल्याला कुरकुर ऐकूसुद्धा येत नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगून म्हटलं, "एवढी समज हिला आली कुठून गं?"

"रोज बघते ना," ती म्हणाली, "मी तुम्हाला कसं सांभाळून घेते ते."