तुटलेली फुगडी

पत्नीच्या पंचाहत्तरीनिमित्त मुलांनी आम्हा दोघांना समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर धाडले. तेथील गाण्यांचा गोंगाट असह्य होता. माइक घेऊन फिरणाऱ्या निवेदकाला मी आवाज कमी करण्यास बजावले. "एन्जॉय करा, आजोबा!" एवढेच तो म्हणाला.

मग पंचाहत्तरीची घोषणा करून त्याने माझ्या पत्नीला नाचायला बोलावले. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि शेजारच्या टेबलावरील नव्या नवरीचे हात धरले. "घट्ट धर गं. मी पडले तर तूही पडशील!" दोघी गरगर फिरू लागल्या. मंगळागौरीला आम्हा पुरुषांना बाहेर बसावे लागे. तिची फुगडी मी केवळ भिंतीपलीकडून ऐकली होती. आज प्रथमच पाहिली.

एवढ्यात गाणे मध्येच तुटले. "टाळ्या! आता पुढचं कपल!"

ती थबकली. हात अजून नवरीच्या हातांत होते.

पंचाहत्तर वर्षांचा गाजावाजा करणाऱ्यांपाशी त्या बाईसाठी एका गाण्याइतकाही धीर नसावा, याची मला विलक्षण चीड आली. मी काठी आपटीत उठलो.

"गाणं लाव," मी निवेदकाला म्हणालो. "आणि आवाज वाढव."