बंद पानांचा वाचक

मी जिन्याच्या पायऱ्या पुसत होते आणि वरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कान देऊन ऐकायची मला सवय नाही, पण दोन पुरुष ओरडायला लागले की बादलीतलं पाणीसुद्धा ऐकतं.

"हे पुस्तक कोणी मागितलं होतं?" हा आवाज डॉक्टर लिंडेस्कूग यांचा, आमच्या ग्रंथपालांचा.

"कोणी नाही, डॉक्टरसाहेब." हा आल्गोट.

"मग पानं कोणी कापली?"

"मी."

"कोणासाठी?"

आत फरशीवर बूट घासल्याचा आवाज आला.

"आल्गोट, मी विचारतोय, कोणासाठी?"

"पुस्तकासाठीच म्हणा."

"का? त्याचा जीव गुदमरत होता?"

"साहेब, ती बाई येते दरवर्षी. तिच्या हातात ते तसंच बंद कसं द्यायचं? दगडाचं काळीज लागतं त्याला."

"आणि तू दिलंस ते काय आहे?" डॉक्टरांचा आवाज खाली आला, आणि मला तेव्हा जास्त भीती वाटली. "बंद पान खरं बोलतं. मला अजून कोणी वाचलं नाही, एवढंच ते सांगतं. तू त्याच्या तोंडी खोटं घातलंस. उद्या ती विचारेल, कोणी वाचलं हो माझं पुस्तक? काय सांगशील? सुरीने वाचलं?"

आल्गोट बाहेर आला तो माझ्या ओल्या पायऱ्यांवरून सरळ चालत गेला. एरवी तो कडेकडेने जायचा. मी फडका पिळला. पुन्हा पुसल्या.

हे उप्सालातलं, युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हाचं. ग्रंथालय एका जुन्या विद्वत्सभेचं होतं. मी तिथे झाडलोट करायची आणि कॉफी करायची. लहानपणी माझी शाळा एक दिवसाआड भरायची, आणि बर्फ पडलं की तेवढीही नाही, त्यामुळे तिथल्या पुस्तकांतलं मला काही कळायचं नाही. धूळ मात्र मी सगळ्यांची सारखीच पुसली. एक माणूस आयुष्यभर दगडावरच्या शेवाळाकडे बघतो आणि त्याचं पुस्तक करतो. दुसरा बहिऱ्या मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर लिहितो, तिसरा वाफेच्या यंत्रातल्या पात्यांवर. एकेका पुस्तकात एकेक जन्म गेलेला, आणि वाचणारे सगळ्या देशात मिळून एका टेबलाभोवती बसतील एवढे.

ही पुस्तकं त्या काळी बंदच यायची. मोठा कागद छापायचा, घड्या घालून त्याचा फर्मा करायचा, असे फर्मे एकत्र शिवायचे, वर साधं पुठ्ठ्यासारखं कव्हर. कडा कापलेल्या नसत. वाचणाऱ्याने सुरी घ्यायची आणि घडी चिरत चिरत पुढे जायचं. आमच्याकडे ते काम आल्गोटचं. तळघरात पुस्तकांच्या रांगा, तिथे तो बसायचा. वर कोणी पुस्तक मागितलं की शोधायचं, बंद असेल तर पानं कापायची, हाताने ओढायच्या लिफ्टमध्ये ठेवून वर पाठवायचं. न मागितलेलं कापायचं नाही, हा नियम. कारण दर वसंतात डॉक्टर रांगांतून फिरत, आणि जे पुस्तक वर्षानुवर्षं बंद दिसे ते नदीकाठच्या जुन्या वीटभट्टीच्या वखारीत जाई. जागाच नव्हती, करणार काय. वखारीत ओल होती. तिथे गेलेलं पुस्तक परत आलेलं मी पाहिलं नाही.

आल्गोट वेस्टमान तरुणपणी लाकडाच्या गिरणीत होता. तिथे पाय गेला, म्हणजे तसा होता जागेवर, पण वाकडा. मग कोणीतरी त्याला आमच्या तळघरात आणून बसवलं. ओठाखाली तंबाखूची चिमूट, त्यामुळे बोलणं कमी आणि बोबडं. बायको लवकर वारली होती. सुरी रेनडियरच्या शिंगाची, त्याने स्वतः घासून केलेली. कापताना आवाज यायचा, कोणी हलकेच श्वास सोडावा तसा. मी खाली फरशी पुसत असले की तो म्हणायचा, "हुल्डा, थांब जरा, नवीन आहे," आणि मी फडका हातात धरून थांबायची. का थांबायची कोण जाणे.

ती बाई म्हणजे सिग्ने ओकरब्लाड. ओस्थामारच्या शाळेत गाणं शिकवायची. मुलांना बटाटे काढायची सुट्टी मिळाली की ती बस धरून आमच्याकडे वाचायला यायची. तिचं पुस्तक घंटांवर होतं. गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन, शिड्या चढून, सूर ताडायचा दोन दातांचा सूरकाटा कानाशी धरून तिने एकेका घंटेचे सूर टिपले होते. त्यात गाणंही आणि गणितही, म्हणून गाण्याचे लोक म्हणत हे शास्त्राचं, आणि शास्त्राचे म्हणत हे गाण्याचं. कोणीच मागितलं नाही.

पुस्तक आल्यावर पहिल्याच सुट्टीत तिने स्वतःच ते मागितलं. तिला वाचायचं नव्हतं, बघायचं होतं. आल्गोटला नाव ओळखू आलं आणि त्याने तिचंच म्हणून न कापता वर आणून दिलं. मी खिडक्या पुसत होते. तिने बंद कडेवरून बोट फिरवलं, एकदा वरून खाली. मग पुस्तक त्याला परत केलं.

"दुसरा भाग लिहायला घेतलाय," ती म्हणाली. "पहिलाच कोणी उघडला नाही, तर तो कोणासाठी लिहू?"

"लोकांना वेळ लागतो, बाई."

"मला पण लागलाय हो. गुडघे गेले शिड्या चढून."

पुढच्या वर्षीही तसंच. त्या वेळी तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली की दुसऱ्या भागाचे कागद खणात ठेवलेत, तिथेच बरे आहेत. त्या हिवाळ्यात आल्गोटने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत कापलं, आणि डॉक्टरांनी ते पाहिलं. पायऱ्यांवर मी ऐकलं ते भांडण हे.

आता मी आल्गोटची बाजू घेईन असं तुम्हाला वाटेल. घेतली असती. पण डॉक्टरांचं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. सिग्नेबाई विचारणार होतीच. विचारल्याशिवाय राहील ती बाई? आणि आल्गोटला खोटं बोलता येत नसे, कान लाल व्हायचे.

दोन दिवस तो कॉफीला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, वेलदोड्याचा पाव हातात घेऊन नुसता बसला, आणि मग उठून सरळ डॉक्टरांसमोर उभा राहिला. डॉक्टर तिथेच कॉफी पीत होते.

"साहेब, मला एक पुस्तक हवंय."

"कसलं?"

"घंटांचं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "तू वाचणार?"

"ग्रंथपालाने दिलं तर."

"आल्गोट, मला तरी ते पुरतं कळेल का, शंका आहे."

"मग दोघांना नाही कळणार. सभेच्या नियमात असं कुठे आहे का, की गड्याने वाचायचं नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कप बाजूला सारला. "पण आधीची ती प्रत मला बघवत नाही. सभेकडे दुसरी आहे, बंद. ती घे. आणि वाचशील तेवढंच काप. एक पान पुढे नाही. कबूल?"

"कबूल."

कापलेली प्रत डॉक्टरांनी स्वतःच्या घरी नेली. तिचं काय केलं मला ठाऊक नाही.

मग सुरू झालं. दुपारी उकडलेले बटाटे आणि हेरिंग मासा खाऊन झाला की आल्गोट वाचायला बसायचा. ओठ हलायचे, बोट ओळीखाली. मी चिडवायची.

"काय रे, झाला का प्राध्यापक?"

"गप गं. दोनदा वाचलं तरी परत पहिल्यापासून वाचावं लागतंय."

"मग सोड की."

"सोडलं तर बंद राहील."

महिने गेले. तीन फर्म्यांपर्यंत तो पोचला, म्हणजे पुस्तकाचा लहानसाच तुकडा, आणि तिथे अडला. सिग्नेबाईंनी लिहिलं होतं की घंटा वाजली की आपल्याला जो सूर सगळ्यांत ठळक ऐकू येतो तो घंटेत नसतोच. बाकीचे सूर खरे असतात, आणि त्यांच्यावरून हा ठळक सूर आपला कानच तयार करतो.

"हे कसं शक्य आहे?" तो मला विचारायचा. मला! "ऐकू येतं ते नाही?"

"मला काय विचारतोस, माझा नवरा चौदा वर्षं होता आणि ऐकूच यायचा नाही."

तो हसला नाही. रविवारी प्रार्थना सुटली की थोरल्या चर्चखाली उभा राहायचा, टोपी काढून, नाक लाल होईपर्यंत. पुढचं पान मात्र कापलं नाही. शब्द दिला होता.

सुट्टी लागली, सिग्नेबाई आली. पुस्तक मागेल की नाही असं मला वाटत होतं, पण सवय ती, मागितलंच. आल्गोट घेऊन आला. तिने पाहिलं. पहिले तीन फर्मे उघडे. कडा जराशा खडबडीत, हाताळलेल्या. बाईंचा चेहरा असा उजळला की मी खिडकी पुसायची थांबले.

"कोणीतरी वाचलंय! कोण हो? विद्यापीठातलं आहे का? इथेच का थांबले ते?"

आल्गोटचे कान लाल झाले. "मीच, बाई."

सांगते ते खरं सांगते, तिचा चेहरा पडला. लपवायचा प्रयत्न केला तिने, पण पडला. तिच्या मनात कोणी मोठा विद्वान होता, दूरच्या गावाहून आलेला, चष्मा घातलेला. समोर होता तळघरातला लंगडा गडी, ओठाखाली तंबाखू. दोघं उभे, आणि मध्ये ते पुस्तक. माझ्या मनात आलं, यापेक्षा बंद होतं ते बरं होतं.

मग ती बसली. हळूच म्हणाली, "कुठे अडलात?"

त्याने पान दाखवलं. तिने समजावलं. त्याने मान हलवली, नाही. तिने पुन्हा समजावलं, टेबलावर बोटांनी ठोके देऊन. नाही. शेवटी ती उठली, त्याचा कोट त्याच्या हातात दिला, आणि दोघं चर्चकडे गेले. दुपारची घंटा होईपर्यंत थंडीत उभे राहिले. परत आले तेव्हा मी विचारलं, "मग?"

"नाही कळलं," आल्गोट म्हणाला.

"मला सांगता आलं नाही," सिग्नेबाई म्हणाली. "घाईत लिहिलंय मी ते. चार पानांचं काम एका पानात उरकलंय." आणि तिने पिशवीतून कागद काढले, डाव्या हाताने केस मागे सारले आणि लिहायला लागली. सुट्टी संपेपर्यंत रोज. अधूनमधून तळघरात जायची. खालून आवाज यायचे, "आता?" "नाही, बाई." "आणि आता?" एका दुपारी "आता?" नंतर "नाही, बाई"च्या ऐवजी शिंगाच्या सुरीचा आवाज आला.

पुढची कितीतरी वर्षं हे चाललं. खणातले कागद बाहेर आले होते, दुसरा भाग वाढत होता. आल्गोटने घंटांचं पुस्तक पुरं केलं आणि मग दुसरी मागायला लागला, कोणीच न मागणारी. शेवाळाचं. बहिऱ्या मुलांचं. त्यातलं निम्मं त्याला कळलं नाही, हे तोच सांगायचा. वखारीत जायची ती पुस्तकं जातच राहिली. एक माणूस किती वाचणार, तेही हेरिंग खाऊन झाल्यावर. वसंतात गाडी भरायची तेव्हा तो तळघराच्या दाराशी उभा राहून एकेका पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचायचा. डॉक्टर त्याला ते वाचू द्यायचे, घाई करायचे नाहीत. घंटांचं पुस्तक मात्र जागेवर राहिलं. काही वर्षांनी गॉथेनबर्गच्या कोणीतरी ते मागवलं, नंतर आणखी कोणी.

आल्गोट निवृत्त झाला. गिरणीतली धूळ छातीत राहिली होती ती वर आली, जिना चढवेना. सिग्नेबाई एका जानेवारीत गेली, न्यूमोनियाने. दुसऱ्या भागातलं शेवटचं प्रकरण तिच्या बहिणीने कच्च्या कागदांवरून उतरवून छापखान्यात दिलं. पुस्तक आलं तेव्हा सफरचंदाची झाडं फुलली होती. माझ्यासमोरच पुडकं सोडलं. बंद, जसं यायला हवं तसं. मी संध्याकाळी आल्गोटकडे जाऊन सांगितलं.

"जाड आहे का?" त्याने विचारलं.

"पहिल्यापेक्षा जाड."

"मग लवकर सुरू केलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तो आला. रविवारचा कोट, दाढी केलेली. जिन्यावर दोनदा बसला. मी हात धरायला गेले तर म्हणाला, "तुझ्या पायऱ्या ओल्या आहेत, तूच पडशील." वर जाऊन त्याने इतर कोणीही मागावं तसं पुस्तक मागितलं. डॉक्टर लिंडेस्कूग आता पार म्हातारे झाले होते, पण ते स्वतः उठले, पुस्तक आणलं, बंदच त्याच्यासमोर ठेवलं आणि आपल्या जागी गेले.

आल्गोटने पहिला फर्मा कापला. वाचला. ओठ हलत होते, मधूनमधून खोकला. एका ठिकाणी परत मागे गेला. दुपार सरली, उन्हाची तिरीप टेबलावरून खाली उतरली. पुढचा फर्मा त्याने कापला नाही, दमला होता. टेबलावर कागदाची पांढरी भुकटी पडली होती ती हाताने गोळा केली, पुस्तक मिटलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"राखून ठेवा साहेब," तो म्हणाला. "उद्या पुढचं."

"ठेवतो."

मग टोपी घातली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरला, आणि बटाटे उकडत ठेवायचे म्हणून घरी गेला.