आरतीनंतरचा पासवर्ड

हरतालिकेची वाळू विसर्जित केली तरी चार कण पदराला राहतातच. आमच्या भजनी मंडळाच्या वेबसाइटचे किस्सेही तसेच, झटकले तरी कुठून तरी सापडतात.

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या मंडळात व्रताच्या कहाण्या सांगाव्यात त्या सिंधूकाकूंनीच. काकू गेल्या आणि त्यांच्या आवाजातल्या कहाण्या तेवढ्या वेबसाइटवर उरल्या. दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांचे यजमान, अप्पा, दर सोमवारी त्या ऐकल्याशिवाय उपास सोडत नसत.

*

वेबसाइट केली मंडळातल्या नलूताईंच्या सुनेनं, रेवतीनं. ती नवा रायपूरला कॉम्प्युटरचंच काम करते.

"मम्मी, पासवर्ड किसी को मत बताना," तिनं बजावलं.

नलूताईंनी आरती झाल्याबरोबर तो सगळ्यांना वाचून दाखवला!

"मम्मी!"

"अवं, देवासमोर काय लपवाचं?"

*

आमच्या विमलताईंच्या मते हॅकर म्हणजे तोंडाला फडकं बांधलेला माणूस, फोनमधून डोकावणारा. त्यांनी कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. "आता पाहू दे मेल्याले!"

पुण्याच्या नातीला व्हिडिओ कॉलवर आजी महिनाभर दिसलीच नाही.

*

"काकू, साइट का सॉफ्टवेअर पुराना हो गया," एकदा रेवती मला म्हणाली. मंडळाची सेक्रेटरी मी, हो म्हणायचं तेही मीच. "अपडेट नहीं किया तो दरवाज़ा खुला समझो."

मी पंचांग पाहिलं. पितृपक्ष लागलेला.

"पंधरा दिवस नवीन काही नाही," मी म्हटलं. "आणि पितृपक्षात हॅकर तरी कशाला शुभारंभ करील?"

*

पितृपक्षातल्याच सोमवारी अप्पा फोन घेऊन दारात. "वहिनी, सिंधूच्या जागी बूट विकून राहिले!"

खरंच, कहाण्या गेल्या होत्या आणि बुटांच्या जाहिराती आल्या होत्या.

"आपल्या भजनात त्याले काय सापडलं?" नलूताई रडवेल्या झाल्या.

रेवतीनं समजावलं, कुणी माणूस ठरवून आलाच नव्हता. मशीनच सगळी दारं ढकलत फिरते, उघडं लागलं की शिरते.

ते दार मी उघडं ठेवलं होतं. कहाण्या परत मिळाव्यात म्हणून मी सोळा सोमवारांचा नवस बोलले.

*

रेवती चार रविवार शोधत बसली. सर्व्हरच्या जुन्या बॅकअपमध्ये एकच कहाणी सापडली. तीही काटछाट करण्याआधीची, काकूंच्या घरी रेकॉर्ड केलेली. आम्ही सगळ्या अप्पांकडे जमलो. रेवतीनं बटण दाबलं.

आधी पंख्याची घरघर. मग सिंधूकाकू, ठणठणीत! "अहो, ऐकून राहिले का? दूध उतू चाललं, गॅस बंद करा!"

"हव, हव," म्हणत अप्पा उठले आणि स्वयंपाकघरात गेले.